मुलांची बीएमएक्स घेताना या चुका टाळा: फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची?

सात वर्षांच्या भाच्याला बीएमएक्स, म्हणजे उड्या मारायची छोट्या चाकांची सायकल, घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, फुल अलॉय आहे." मी खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढून फ्रेमला लावलं. टचकन चिकटलं, म्हणजे स्टील! अलॉय होत्या त्या फक्त रिम. 'अलॉय' ऐकलं की फ्रेमही अ‍ॅल्युमिनियमची असणार असं आपण धरून चालतो, ही पहिली चूक. चुंबक आधी दांडीला लावा, मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि चिमटा स्टीलचा, असंही पुष्कळदा असतं. त्यात वावगं काही नाही, पण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं.

सगळं स्टील सारखंच, हा दुसरा गैरसमज. स्वस्त सायकलींना 'हाय-टेन' स्टील असतं: दणकट, पण नळ्या जाड, म्हणून जड. स्टिकरवर '४१३०' किंवा 'क्रोमोली' दिसलं तर ते क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. त्याची ताकद जास्त, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते. रॅम्पवर, पायऱ्यांवरून उड्या मारणारे बहुतेक जण क्रोमोलीच घेतात. बीएमएक्स शर्यतीत (२००८ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे) मात्र अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन दिसतं. तिथं सुरुवातीचं गेट पडताक्षणी सुटायचं असतं, म्हणून सायकल हलकी हवी.

अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, हे खरं. पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून नळ्या फुगीर कराव्या लागतात आणि सायकल काही तिपटीनं हलकी होत नाही. शिवाय चाकं, क्रँक, हँडल यांचं वजन वेगळंच. तेव्हा फ्रेमचं नाव विचारत बसू नका, सायकल उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. वीस किलोच्या पोराला दहा किलोची सायकल म्हणजे सत्तर किलोच्या बाबांना पस्तीस किलोची. बाबांनी एकदा हाणून दाखवावी! सोळा इंची चाकांच्या वयात मी हलक्या सायकलीला झुकतं माप देतो. वीस इंचीवर आलेलं, उड्या मारू लागलेलं मूल असेल तर क्रोमोली.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक: "अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ना, मग बघायचं काय?" समुद्राजवळ राहणाऱ्या एका नातलगाकडे पोरगं चार बोटं वाढलं, पण सीट वर येईना. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत सीटचा स्टीलचा दांडा, वर खारी दमट हवा. दोन धातू एकमेकांना धरून बसले होते आणि कडेला पांढरी भुकटी साचली होती. गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी सीट धरून पिळली, तेव्हा कुठे हलली. हातोडा घालू नका, नळी चेपते. दर मे महिन्यात दांडा काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा. स्टीलची फ्रेम असेल तर तेव्हाच सायकल उलटी करून आत साचलेलं पाणी काढा. आमच्या एका जुन्या सायकलीतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं होतं. बाहेरून रंग अगदी चकचकीत!

सायकल जोरात आपटली असेल तर हँडलच्या नळीमागचे वेल्डिंगचे टाके बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि नख त्यात अडकलं, तर सायकल बंद. स्टील बऱ्याचदा आधी वाकून इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियमकडून तशी अपेक्षा ठेवू नका. आणि ग्रिल-गेट करणाऱ्याकडे टाका मारायला तर मुळीच नेऊ नका. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमला कारखान्यात उष्णता देऊन बळकटी आणलेली असते, वेल्डिंगच्या आचेनं ती आसपास उतरते. क्रोमोलीच्या पातळ नळीला तर साध्या वेल्डिंगनं सरळ जळून भोक पडतं.

भाच्याला शेवटी दुसऱ्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमचीच घेतली, चुंबक न चिकटणारी. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज सायकल वर चढवायला मामा थोडाच येणार होता?