वाचलेलं लक्षात राहत नाही? उजळणीतल्या या चुका टाळा

वाचताना सगळं येत होतं, आठवड्यानं मात्र पाटी कोरी. अशा वेळी दोष स्मरणशक्तीवर जातो, पण बहुतेकदा चुकलेली असते ती उजळणी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचणं. दुसऱ्या वाचनात ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘झालं पाठ’ असा समज होतो. पण समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं, काही समोर नसताना आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तेव्हा लिहिणारे. म्हणून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग पडताळून चुका लगेच दुरुस्त करा. हे कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो तो या ओढाताणीचाच. (ओळी रंगवण्याचा मोह मात्र आवरा. पान सुंदर होतं, एवढंच.)

लिहायला बसल्यावर काहीच सुचत नसेल तर? मग एक तर विषय नीट कळलेलाच नाही किंवा उजळणीला फार उशीर झालाय. कळलं नसेल तर पाठांतराचा हट्ट सोडा, आधी समजून घ्या. उशीर झाला असेल तर नुसती शीर्षकं बघून पुन्हा प्रयत्न करा.

दुसरी चूक वेळेची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, हे त्यांनी मोजलं: वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, दिवसानं ३४, महिन्यानं २१. हे आकडे सर्रास ‘इतकं लक्षात राहतं’ म्हणून सांगितले जातात, ते चूक आहे. शिवाय त्या यादीत निरर्थक अक्षरजोड्या होत्या, अर्थपूर्ण मजकूर जास्त टिकतो. घ्यायचं ते एवढंच की घसरण सुरुवातीला वेगानं होते, मग मंदावते. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्या. परीक्षा जितकी लांब, तितकं अंतरही मोठं. एका रात्रीत कोंबलेलं सकाळच्या पेपरपुरतं चालून जाईल, पण गेलेली झोप महागात पडते, कारण शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

फ्लॅशकार्ड (एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर असलेली कार्डं) वापरत असाल तर एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा. परिच्छेदभर उत्तर असेल तर अर्धवट आठवूनही ‘बरोबर’ म्हटलं जातं. एकदा बरोबर आलं म्हणून कार्ड काढून टाकू नका, लांबच्या तारखेला ढकला. उजळणी राहून गेलेल्या कार्डांचा ढीग साचला असेल, तर तो उरकेपर्यंत नवीन कार्डं बंद.