जुन्या लेन्ससाठी रोलच्या कॅमेऱ्याची दुसरी बॉडी घेत असान त पोळ्याच्या आधी एवढं पाहून ठेवजा

सगळ्यात आधी कपाटातल्या लेन्स काढून चटईवर मांडा आन् उलट्या करून माउंट (लेन्स बॉडीला अडकते ती मागची कडी) कोणता हाये ते पाहा, बॉडीचं नंतर. लोक उलटं करतात, चकचकीत बॉडी स्वस्तात दिसली की घेऊन टाकतात आन् मग तिच्यासाठी लेन्स शोधत फिरतात, म्हणजे बॅकअप राहिला बाजूला अन् नवीनच संसार सुरू. आपल्याला दुसरी बॉडी पाह्यजे ती कशासाठी, त पोळ्याच्या दिवशी आखरावर झडत्यांची गाणी संपली, तोरण तुटलं आन् बैल सुटले की त्याच टायमाले तुमचा ३६ चा रोल संपते किंवा रोल सरकवायची लिव्हर अडकते, बैल काही थांबत नाहीत राजेहो. तवा हातात जी दुसरी बॉडी येईल तिच्यावर तीच लेन्स बसली पाह्यजे आन् लेन्स त्याच बाजूनं फिरली पाह्यजे. निकॉनची लेन्स बसवतानी बाकीच्यांच्या उलट फिरते, घाईत हात चुकतेच.

पेंटॅक्सच्या के माउंटच्या लेन्स असतील त के१००० घ्या, जास्त डोकं लावू नका. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं तो कॅमेरा बनला, म्हणून अजूनही भेटते. सेल्फ टायमर नाही, काही नाही, नुसता शटर आन् उजेड मोजणारं मीटर. एकच भानगड, मीटरला बंद करायचं बटनच नाही, लेन्सवर उजेड पडला की सेल खर्च होत राह्यते, म्हणून लेन्सचं झाकण मागून घ्या, नसन त त्याचे पैसे कापा. जुन्या आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसणाऱ्या एम४२ लेन्स असतील त त्याही ॲडॉप्टर (मधातली जोडकडी) लावून के१००० वर चालतात, काहून की दोघांचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर सारखंच हाये, ४५.४६ मिमी, त्यामुळे दूरचा फोकस जात नाही. निकॉनचं अंतर ४६.५, तिथं तीच लेन्स लावली त लांबचं झाड कधीच शार्प येत नाही, नाही त मधात काच असलेला ॲडॉप्टर घ्या लागते आन् ती काच चित्राची वाट लावते. के१००० वर ॲडॉप्टरनं लावलं तरी ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) हातानं बंद करून मीटर पाहा लागते, बंद केलं की व्ह्यूफाइंडरमधी अंधार. संध्याकाळच्या पोळ्यात हे जमत नाही, उन्हातल्या वावरात चालते. रशियाचा झेनिट कॅमेरा स्वस्त भेटते, आट्यांच्या लेन्स थेट बसतात, पण शटरचे स्पीड १/३० ते १/५०० एवढेच.

निकॉनवाल्यांनी एफएम१० पाहा. प्लास्टिकचा हाये, कोसिनानं बनवलेला, हातात घेतला की खेळण्यासारखा वाटते, पण शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल मेला तरी फोटो निघते. फक्त लेन्स १९७७ च्या आधीची, एआय न केलेली (म्हणजे ॲपर्चरच्या रिंगला मीटरसाठीची खाच नसलेली) असन त एफएम१० वर चढवू नका, रिंगच्या कडेनं बॉडीची पट्टी मोडू शकते. तशा लेन्स असतील त जुना एफएम शोधा, त्याची ती पट्टी वर उचलता येते. याशिकाच्या लेन्स असतील त एफएक्स-३ सुपर २०००, जुन्या लग्नाच्या स्टुडिओवाल्यांकडे हा पडलेला असतेच. त्याचं वरचं रेक्झिन पापुद्रे निघाल्यासारखं झडते, झडू द्या, नवीन चिकटवता येते, भाव पाडायला कामी येते.

कॅनन एई-१ चांगला कॅमेरा हाये, पण बॅकअप म्हणून मी घेणार नाही. सेल संपला की शटरच पडत नाही, आन् त्याला ६ व्होल्टचा सेल लागते. के१००० सारख्यांना लागणारा बटनासारखा एलआर४४ सेल कोणत्याही तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे भेटते, हा ६ व्होल्टचा कुठं भेटन? पाऱ्याच्या सेलवर चालणारे आणखी जुने मॉडेलही टाळा, १.३५ व्होल्टचा तो सेल आता बनत नाही आन् १.५ चा टाकला की बऱ्याच मॉडेलचं मीटर चुकीचं सांगते.

आता बॉडी पाह्यला जाल तवा. बंद पडलेल्या स्टुडिओच्या काकांकडे गेलात त चहा घ्या, घाई करू नका, आन् म्हणा, "काका, मागचं झाकण जरा उघडून दाखवता का." झाकणाच्या खाचेत बोट फिरवा. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून पडून तो काळा फोम डांबर होऊन जाते, बोटाला चिकटून निघते आन् धुतला तरी नखात राह्यते. याच्यानं सौदा मोडायचा नाही, फोम स्पिरिटनं खरडून नवीन लावता येते, खाचेत काळी लोकर दाबली तरी उजेड अडते. पण आरसा वर जाऊन आदळते तिथला फोमही पाहा, तो वितळला असन त आरसाच चिकटून बसते.

मग रोल न टाकता, झाकण उघडं ठेवून खिडकीकडं धरा, लेन्स काढा, १/१००० वर शटर मारा आन् मागून पाहा. पूर्ण चौकोनात उजेड चमकला पाह्यजे. एका बाजूला काळी पट्टी दिसली त शटरचा पडदा मागं पडून राह्यला समजा आन् नमस्कार करून निघा. कापडी पडदा असन त त्याला बारीक भोकं नाहीत ना तेही उजेडात पाहा. नंतर १ सेकंदावर मारा, मधातच अडकून रखडत असन त आतलं वंगण सुकलं. मोबाईलच्या स्लो मोशनमधी हळू स्पीड चांगले कळतात. व्ह्यूफाइंडरमधली धूळ पाहून मात्र घाबरू नका, ती फोटोत येत नाही. कुरिअरनं मागवत असान त हेच सगळं व्हिडिओत दाखवायला लावा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

मीटर तपासायला दोन्ही बॉडी एकाच चुन्याच्या भिंतीवर, एकाच लेन्सनं धरा. अर्ध्या स्टॉपचा (उजेडाच्या अर्ध्या पायरीचा) फरक चालते, फक्त तो लक्षात ठेवा.

टेस्ट रोल महिनाभर आधी टाका, काहून की आता तालुक्याला रोल कोणी धूत नाही, बाहेर पाठवा लागते आन् स्कॅन यायला दिवस जातात. पोळ्याच्या हप्त्यात बॉडी घेतली त तिचा पहिला रोल पोळ्याचाच होते, मग उजेड गळतो का ते निगेटिव्हवरच कळन. रोल टाकून लिव्हर ओढली की डावीकडची रिवाइंडची चक्री फिरते का पाहा, नाही फिरली त रोल आत सरकतच नाही.

पोळ्याच्या दिवशी दोन बॉडीला दोन रंगाचे पट्टे लावा, रोलच्या डब्बीचा तुकडा मागं चिकटवा आन् आयएसओ (रोलवर लिहिलेला १००, २०० आकडा) दोन्हीकडं आपापल्या रोलप्रमाणं लावलाय का ते घरूनच पाहून निघा. श्रावणातलं आभाळ असते, २०० च्या रोलवर एफ ५.६ ला १/१२५ भेटलं तरी लय झालं. जादा सेल बॅगमधी नाही, शर्टाच्या खिशात.