हेअर मास्क लावूनही केस वाळले की पुन्हा खरखरीत: अखेर काय लागू पडलं

लक्षण असं: मास्क धुताना केस मऊ लागायचे, वाळले की टोकं खरखरीत. उजेडात धरलं की मध्येच पांढरा ठिपका दिसायचा आणि केस नेमका तिथेच तुटायचा.

मास्क बदलला, रात्रभर ठेवला, वरून तेलही थापलं. महिनोन्‌महिने वाया गेले, खूप वैताग आला.

चुका दोन होत्या. केसांवर कंडिशनरसारख्या उत्पादनांतल्या सिलिकॉनचा आणि जड पाण्यातल्या क्षारांचा थर साचला होता. शिवाय निथळत्या केसांवर लावलेला मास्क पातळ होऊन ओघळून जायचा.

जमलं ते या क्रमाने. आधी ईडीटीए (क्षार पकडून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू, एकदाच. फेस २ मिनिटं ठेवून धुतला. मग जुन्या सुती टी-शर्टने केस दाबून टिपले, चोळले नाहीत. मूठ आवळल्यावर थेंब पडता कामा नये, ही खूण. केसांचे ४ भाग केले, प्रत्येकाला १ चमचा मास्क, आधी टोकांना, मग कानापर्यंत वर. टाळूला अजिबात नाही. मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून सुरुवात करून गुंता सोडवला. शॉवर कॅप, त्यावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, २० मिनिटं. कोमट पाण्याने धुतलं.

मास्कच्या घटकांत बेहेनट्रायमोनियम क्लोराइड (केस मऊ करणारा घटक) वरच्या ओळींत हवं. त्याच्यावर धनभार (पॉझिटिव्ह चार्ज) असतो, म्हणून ते केसाच्या खराब झालेल्या, ऋणभार असलेल्या भागाला चिकटून बसतं. प्रोटीनचा मास्क दर वेळी लावला तर केस उलट ताठ होऊ शकतात.

आता मास्क आठवड्यातून १ दा, क्लॅरिफाइंग महिन्यातून १ दा. दुभंगलेली टोकं मात्र कशानेही सांधत नाहीत, ती कापावीच लागली.