नागपूरच्या नोकरदार आईचे रोजच्या कपड्यांचे कपाट

कामावर घालायचे कपडे किती असावेत, हे हौसेवर नव्हे तर धुण्याच्या आणि इस्त्रीच्या फेऱ्यांवर ठरवावे. इस्त्रीला दिलेला गठ्ठा तीन दिवसांनी परत येत असेल आणि घरातले लहान मूल ऐन निघायच्या वेळी वरणाचे हात पदराला पुसत असेल, तर सहा दिवसांच्या आठवड्याला आठ कुर्ते पुरतात. त्यांच्यासोबत काळी, मोतिया आणि गर्द निळी अशा तीन रंगांच्या सलवारी किंवा सरळ पँट ठेवाव्यात. यांतल्या किमान दोन रंगांवर जो कुर्ता शोभत नाही, तो कितीही सुंदर असला तरी दुकानातच राहू द्यावा.

नागपुरात खरी कसोटी उन्हाळ्याची असते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि दुपारी मुलाला शाळेतून आणायला दुचाकीवरून जावे लागते, तेव्हा तंग व बिनबाह्यांच्या कुर्त्यापेक्षा सैलसर, पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती कुर्ता अधिक सुखाचा ठरतो. डोके, कान आणि चेहरा गुंडाळून खांद्यावरही उरेल एवढी लांब सुती ओढणी आणि धुऊन रात्रीत वाळणारा पातळ सनकोट, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. रेयॉन अंगाला गार लागते आणि त्याला झोकही छान येतो. पण ओले असताना ते कमजोर होते, म्हणून ते जोरात पिळू नये. कार्यालयातील एसीसाठी एक साधा श्रग टेबलाच्या खणातच ठेवलेला बरा.

जूनच्या मध्यानंतर गणित बदलते. सुती सलवार दोन दिवस ओलसर राहते, त्यामुळे या दिवसांत घोट्याच्या वर येणारी, मिश्र धाग्याची, गडद रंगाची पँट हाताशी असावी. थंडीसाठी समोरून बटणांचे एक स्वेटर पुरे, कारण डिसेंबरात सकाळी हुडहुडी भरली तरी दुपारी ते काढावेच लागते.

तयार कपड्यांसाठी सीताबर्डी आणि कापडासाठी गांधीबाग व इतवारी हे जुनेच रस्ते आहेत, आणि अंगाला नीट बसणारा कपडा हवा असेल तर माझा कौल कापड घेऊन शिवण्याला आहे. दुकानात कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून सोडावा. चुण्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री अटळ आहे. पांढरा हातरुमाल ओला करून गडद कापडावर घासावा आणि रंग उतरला तर पुढच्या ठाणाकडे वळावे. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. बाळंतपणानंतर अंग वर्ष-दोन वर्षे बदलत राहते, म्हणून दोन्ही बाजूंच्या शिवणींत इंचभर माया सोडायला शिंप्याला आवर्जून सांगावे. बाळ अंगावर पीत असेल तर समोरच्या उभ्या शिवणीत लपणारी चेन बसवून घ्यावी. आणि खिसा मात्र मागूनच घ्यावा: घराची किल्ली, मोबाईल आणि मुलाचा रुमाल एवढे त्यात मावले पाहिजे. शिंपी नाक मुरडतात, पण शिवून देतात.

साड्या नेसणाऱ्यांनी रोजच्यासाठी फॉल-पिको केलेल्या चार सुती साड्या आणि त्यांवर चालणारे काळे व मोतिया असे दोन ब्लाउज ठेवावेत. सुती साडीला खळ हलकीच द्यावी; कडक खळीची साडी दुचाकीवर बसताना फुगते आणि संध्याकाळपर्यंत चुरगळून जाते. महत्त्वाच्या बैठकीसाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक कोसा, म्हणजे टसर रेशमाची साडी, असावी. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली विदर्भाची करवतकाठी टसर साडी कार्यालयातही भडक दिसत नाही आणि लग्नघरातही साधी वाटत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालावी, नाहीतर घडीच्या रेषेवरच रेशीम विरते.