ऑस्करच्या जुन्या यादीचं ऑडिट कसं करावं

आधी एक लांब रजिस्टर घ्या. शाळेची वही नको, तिच्यात रकाने मावत नाहीत. मी बर्डीच्या बाजारातून दोनशे पानी आणलं, निळ्या कापडी पाठीचं. भाचा म्हणाला, "आत्या, एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, काऊन त्रास करून घेऊन राहिली?" पाच मिनिटांत उरकतं म्हणूनच ते तिथे करू नका. हाताने उतरवताना पेन अडतो, आणि पेन अडला की समजावं, इथे काहीतरी तपासण्यासारखं आहे. चौतीस वर्षं हिशेब तपासण्याची नोकरी केली, तेवढी खूण मला कळते.

हा उद्योग उन्हाळ्याचा आहे. नागपुरात मे महिन्यात अकरा वाजले की दार लावायचं, कूलर सुरू करायचा आणि पाचपर्यंत घरात बसायचं. पापड, कुरडया उरकल्या की पुढे काय? तर हॉलिवूडचं एक जुनं वर्ष निवडायचं आणि त्याची ऑस्करची पूर्ण यादी उलगडून बघायची. एकच वर्ष घ्या, दहा नाही. मी १९५७ घेतलं. कारण पुढे सांगते, पण खरं कारण जरा खाजगी आहे.

आमच्या वसाहतीत कोजागिरीला प्रश्नमंजूषा असते. दूध आटेपर्यंत वेळ काढायचा म्हणून. त्यात विचारलं, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणत्या साली मिळालं? मी म्हटलं १९५८. कार्डावर उत्तर होतं १९५७. गुण गेले, शेजारच्या गटाने टाळ्या पिटल्या. घरी येऊन बघितलं तर बाप्पा, दोन्ही बरोबर! चित्रपट १९५७ चा, सोहळा २६ मार्च १९५८ चा. प्रश्नच अर्धवट होता. त्यावर माझी हरकत अजून कायम आहे.

तेव्हा पहिले दोन रकाने सालाचेच आखा: एक 'चित्रपटाचं साल', दुसरा 'सोहळ्याचं साल'. नियम साधा आहे. त्या काळी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या मुदतीत लॉस एंजेलिसच्या थिएटरात लागलेले चित्रपट धरले जात आणि बक्षीस पुढल्या वर्षी दिलं जाई. कोणी 'अमुक सालचं ऑस्कर' म्हणालं की विचारायचं, कोणतं साल? आणखी एक ताळा देते, तो पाठ करून ठेवा. सोहळ्याच्या क्रमांकात १९२७ मिळवले की चित्रपटाचं साल येतं. १९५७ चा सोहळा तिसावा होता. तीस अधिक १९२७, झाले १९५७. 'लगान' चौऱ्याहत्तराव्या सोहळ्यात होता; बेरीज २००१. अगदी सुरुवातीच्या सोहळ्यांत मुदत ऑगस्टपासून धरायचे, तिथे हा ताळा चालत नाही. १९३४ पासून पुढे बिनधास्त चालवा.

मग चित्रपटांची नावं उभी लिहा आणि पुढे तीन रकाने करा: नामांकनं, मिळाली, राहिली. यादी वाचताना आपण फक्त मधला रकाना वाचतो, तिथेच चूक होते. वर्ष समजतं ते तिसऱ्या रकान्यातून. माझ्या रजिस्टरात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पाच दावेदार असे उतरले. 'क्वाय' आठ नामांकनं, सात मिळाली. 'सायोनारा' दहा, चार मिळाली. 'पेटन प्लेस' नऊ, एकही नाही. 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' सहा, एकही नाही. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' तीन, एकही नाही. बेरीज मारा: छत्तीस नामांकनं, अकरा बक्षिसं, आणि ती अकराही दोन घरांत गेली. उरलेल्या तिघांची अठरा नामांकनं कोरडी.

'पेटन प्लेस'च्या नावापुढे मी लाल शाईने खूण केली. नऊपैकी पाच नामांकनं नटनट्यांची होती: नायिका लाना टर्नर, आणि सहायक भूमिकांत दोन पुरुष, दोन बायका. आता गंमत बघा. एकाच विभागात एकाच चित्रपटाचे दोघं उभे असले की त्यांची मतं आपसात फुटणार, हे सांगायला हॉलिवूडला जावं लागत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही निवडणुकीत एकाच घरचे दोन उमेदवार उभे करून पाहा. त्यामुळेच हरले असं मी म्हणणार नाही, तशी पावती नाही. पण शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं आहे.

पावतीवरून आठवलं. 'मदर इंडिया' त्याच वर्षी परभाषिक चित्रपटांच्या विभागात नामांकित होता, म्हणून तर मी १९५७ निवडलं. भारताने त्या विभागात पाठवलेला हा पहिलाच चित्रपट, आणि पहिल्याच फटक्यात अंतिम पाचांत. तो एका मताने हरला, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. माझे वडीलही सांगायचे. पण ऑस्कर देणारी संस्था, म्हणजे अकादमी, मतांचे आकडे जाहीर करतच नाही. ते मोजणारी हिशेबनीस मंडळी आकडा कुलपात ठेवतात. मग हे 'एक मत' कोणी मोजलं? अशी गोष्ट रजिस्टरात मुख्य रकान्यात चढवायची नाही. शेऱ्यात पेन्सिलीने लिहायची: ऐकीव, व्हाउचर नाही. जिंकला तो इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'. आदल्या वर्षीही फेलिनीच्याच 'ला स्ट्राडा'ला मिळालं होतं, दोन्हींत नायिका त्याची बायको जुलिएत्ता मासिना. हरलो ते कोणापुढे, हे लिहिलं की हळहळ जरा शहाणी होते.

इथे आणखी एक रकाना लागतो, आणि मराठी माणसाला तो फार लागतो: 'पाठवलेला'. आपल्याकडे 'श्वास ऑस्करला गेला', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी ऑस्करला गेली', 'कोर्ट ऑस्करला गेला' असं म्हणतात. गेले, खरंच गेले. देशाची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेले. पण प्रवेशिका म्हणजे नामांकन नव्हे. प्रत्येक देश एक पाठवतो, त्यातून अंतिम पाच निवडले जातात ते नामांकन. त्या पाचांत आपले तीनच चित्रपट पोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'पाठवलेला' आणि 'नामांकित' हे रकाने वेगळे ठेवले नाहीत, तर पुढल्या कोजागिरीला तुमचेही गुण जातील.

आता व्यक्तींचं पान. सर्वोत्कृष्ट अभिनेता अ‍ॅलेक गिनेस, दिग्दर्शक डेव्हिड लीन, दोघंही 'क्वाय'चे. अभिनेत्री जोअ‍ॅन वुडवर्ड, 'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह'साठी. एकाच बाईत तीन व्यक्तिमत्त्वं, अशी भूमिका. ती सोहळ्याला स्वतः शिवलेला हिरवा पोशाख घालून आली होती, हे वाचून वहिनी माझ्या रजिस्टरात पहिल्यांदा डोकावली. 'सायोनारा'मध्ये जोडपं झालेले रेड बटन्स आणि मियोशी उमेकी दोघंही सहायक भूमिकांची बक्षिसं घेऊन गेले. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी उमेकी ही पहिली आशियाई अभिनेत्री. 'क्वाय'चं आठातलं एक हुकलं, ते इथेच. त्याचा सेस्यू हायाकावा रेड बटन्सपुढे हरला.

व्यक्तींच्या पानावर 'नाव' (बक्षीस कोणाच्या नावावर) आणि 'काम' (खरं काम कोणी केलं) असे दोन रकाने करायला विसरू नका. बहुतेक ओळींत दोन्हीकडे तेच नाव येईल आणि तुम्हाला वाटेल, बाईने उगाच कागद वाया घालवायला लावला. मग पटकथेच्या ओळीवर या. 'क्वाय'च्या पटकथेचं ऑस्कर पिएर बूल यांच्या नावावर. मूळ कादंबरी त्यांचीच, पण ते फ्रेंचमध्ये लिहिणारे. इंग्रजीत पटकथा लिहिणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ती लिहिली कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी. दोघंही काळ्या यादीत. कम्युनिस्ट असल्याच्या संशयाने हॉलिवूडने ज्यांची कामं बंद केली, त्यांतले. अकादमीने १९५७ च्या सुरुवातीलाच नियम केला होता की अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला नकार देणाऱ्यांना ऑस्कर नाही. १९५९ च्या जानेवारीत तो नियम काढला, तोवर हा सोहळा होऊन गेला होता. या दोघांच्या नावाची नोंद ऐंशीच्या दशकात झाली, दोघंही गेल्यावर.

नोकरीत अशी बिलं खूप पाहिली. सही एकाची, माल आणलेला दुसऱ्याने. त्या ओळीपाशी पेन जेवढा थांबला, तेवढा सगळ्या यादीत कुठे थांबला नाही. यंत्राने तक्ता केला असता तर बूल यांचं नाव छान डावीकडे बसलं असतं, आणि प्रकरण बंद.

शेवटचं पान 'यादीबाहेर'चं. त्या वर्षीचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' आणि 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस', दोघांनाही एकसुद्धा नामांकन नाही. आज दोन्ही थोर म्हणून दाखवले जातात. आपलं पान भरायचं तर त्याच सालचे 'प्यासा', 'नया दौर', आणि शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ'. त्याची कथा गदिमांची, औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली. बर्लिनच्या महोत्सवात त्याला 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला. देशाची प्रवेशिका एकच, तेव्हा 'मदर इंडिया'वाले मेहबूब की शांतारामबापू असा वाद आमच्या घरी दोन दुपारी चालला.

आता बघणं. पाचही चित्रपट ओळीने लावू नका, थकाल. आधी सगळ्यात छोटा घ्या, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', दीड तासाचा. बाराजण एका खोलीत बंद, न्यूयॉर्कमधला उकाडा, भिंतीवरचा पंखा चालेना. 'एक रुका हुआ फैसला' पाहिला असेल तर कथा ओळखीचीच आहे. आम्ही लावला आणि वीसेक मिनिटांत लाइट गेली. कूलर बंद. खस सुकायला लागली, बाहेर पंचेचाळीस. भाच्याच्या लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून चित्रपट चालूच राहिला, आणि पडद्यावरचे बारा आणि आम्ही पाच सारखेच घाम पुसत बसलो. पुढे खोलीतले दिवे लावल्यावर त्यांचा पंखा आपोआप सुरू होतो. आमच्या भावाने तिथे टाळी वाजवली, पण आमचा कूलर काही सुरू झाला नाही. एवढा चांगला चित्रपट हात हलवत परत गेला, हे तक्त्यात शून्य लिहून कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं.

मग 'विटनेस' घ्या. चार्ल्स लॉटन आणि एल्सा लँचेस्टर हे खरे नवरा-बायको त्यात वकील आणि त्याच्यामागे औषध घेऊन फिरणारी नर्स झाले आहेत, दोघांनाही नामांकन. शेवट कोणाला सांगू नका, अशी विनंती चित्रपटाच्या अखेरीस केली जाते, ती पाळा. 'क्वाय' अडीच तासांवर आहे, तो रविवारी. 'मदर इंडिया' सगळ्यांनी पाहिलेला असतो. तरी परत लावा, या वेळी फरदून इराणींचा कॅमेरा बघण्यासाठी.

सगळे झाले की घरात मतदान घ्या. चिठ्ठ्या करा, पाकिटात घाला, डिंकाने चिकटवा. चिकटवाच. १९४० साली लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने विजेत्यांची नावं सोहळ्याआधीच छापून टाकली, तेव्हापासून अकादमीलाही बंद पाकिटं करावी लागली. आमच्याकडे भाच्याने पाकीट उजेडासमोर धरून बघितलं, म्हणून दुसऱ्या वर्षीसाठी मी खाकी आणली आहेत.

निकाल असा: 'अँग्री मेन' तीन, 'क्वाय' एक, बाद एक. बाद मत वहिनीचं. पाच नावांवर फुली मारायची सोडून तिने आडवं 'मदर इंडिया' लिहिलं होतं. मी म्हटलं, हा विभागच वेगळा, मत धरता येत नाही. ती म्हणाली, "ताई, तुमच्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना हाये न, तिथं लिहा माझं नाव." लिहिलं आहे. शाईने.

पुढल्या उन्हाळ्याला १९५० काढणार आहे. 'ऑल अबाउट ईव्ह'ला चौदा नामांकनं, त्यांत एकाच चित्रपटाच्या दोन नायिका समोरासमोर, बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर, आणि बक्षीस घेऊन गेली तिसरीच. त्याला रकाने जास्त लागतील. रजिस्टर आडवं आखते आहे.