तळ्यात की मळ्यात: ऐतिहासिक वॉरगेममध्ये फितुरी कशी खेळवावी

वॉरगेम म्हणजे पटावर खेळायची लढाई. तिचा नकाशा, सैन्याची मांडणी, हालचालीचे आणि माऱ्याचे नियम तुम्ही नेहमी वापरता तेच राहू द्या. फितुरीसाठी वेगळी नियमावली लागत नाही. लागतात फक्त बारा सोंगट्या आणि एक अपारदर्शक पिशवी. सोंगट्यांची पाठ हुबेहूब सारखी हवी, यात तडजोड नको.

आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका: ‘दर फेरीला फासा टाका, एक पडला की तुकडी फितूर.’ मीही सेकिगाहारा (जपानमधली १६०० सालची लढाई) बरीच वर्षं असंच खेळवलं. एका डावात कोबायाकावा हिदेआकी, म्हणजे त्या लढाईत ऐन वेळी बाजू बदललेला सरदार, दुसऱ्याच फेरीत उलटला आणि लढाई तिथेच संपली. सहात एक म्हणजे शक्यता कमी, असं वाटतं. पण सहा फेऱ्या सलग फासा टाकला, तर निदान एकदा एक पडण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते. त्याहून वाईट म्हणजे त्या फाशाला रणांगणावर काय चाललंय याची खबरच नसते. सरदार फितूर होतो तो वारं कुठे वाहतंय ते पाहून.

पिशवीत पाच ‘निष्ठा’, चार ‘थांबा’ आणि तीन ‘फितूर’ सोंगट्या टाका. जिच्या निष्ठेची खात्री नाही अशा प्रत्येक संशयित तुकडीखाली न बघता तीन पालथ्या ठेवा. त्या मालकानेही, म्हणजे ती तुकडी ज्याची आहे त्या खेळाडूनेही, पाहायच्या नाहीत.

मी सर्वात जास्त अडखळलो ते पुढच्या टप्प्यावर: सोंगटी उलटायची कधी? माझं उत्तर आता पक्कं आहे. घड्याळाप्रमाणे कधीच नाही, फक्त घटनेवर. घटना चारच: शेजारची तुकडी मोडली, कुठल्याही बाजूचा मोठा सेनानी पडला, शत्रूने त्या तुकडीवर मारा केला, किंवा मालकाने तिला हुकूम दिला. दर घटनेला एकच सोंगटी उलटा. दोन सारख्या निघाल्या की निर्णय झाला. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर ती तुकडी शेवटपर्यंत जागची हलत नाही.

यातली चौथी घटना कधीही गाळू नका, सगळा जीव तिच्यात आहे. हुकूम देणं हीच परीक्षा. ‘निष्ठा’ निघाली तर तुकडी त्या फेरीपुरता हुकूम पाळते, नाही तर उभी राहते, आणि मालक मात्र उलगड्याच्या एक पाऊल जवळ गेलेला असतो. मोठी फौज समोर दिसतेय, हवी आहे, पण बोलवायला हात धजावत नाही. इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या लढाईत (१४८५) राजा तिसऱ्या रिचर्डची अवस्था अशीच होती. लॉर्ड स्टॅन्लीचा मुलगा ओलीस ठेवूनही स्टॅन्ली हलला नाही, आणि शेवटी त्याचा भाऊ सर विल्यम स्टॅन्ली याची माणसं रिचर्डवरच तुटून पडली.

माऱ्याच्या घटनेबद्दलही लोक वाद घालतात: ज्याला वळवायचं त्याच्यावर मारा कोण करेल? सेकिगाहाराला विरुद्ध बाजूचा सेनापती तोकुगावा इएयासू याने हिदेआकीच्या टेकडीवर बंदुका झाडायला लावल्या, अशी प्रसिद्ध कथा आहे. अभ्यासकांना ती शंकास्पद वाटते, पण खेळात हा धोका पत्करण्याची मुभा हवीच. सोंगटी ‘निष्ठा’ची निघाली तर किंमत मारा करणाऱ्याने मोजावी.

‘थांबा’च्या चार सोंगट्या कमी करू नका. या हिशेबात एखादी तुकडी उघड फितूर होण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के आहे, पण नुसती उभी राहण्याची सुमारे ५१ टक्के. नवख्यांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांनी प्लासी (२३ जून १७५७) आठवावी. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याचा सेनानी मीर मदन पडला, सिराजचा धीर सुटला, आणि त्याचेच सरदार मीर जाफर, राय दुर्लभ, यार लुत्फ खान यांच्या फौजा बघत राहिल्या. त्यांच्या उभं राहण्यानेच निकाल लागला. उभ्या तुकडीवर जो हल्ला करेल त्याच्याविरुद्ध ती लढते.

साखळीचा नियम सोपा: एक तुकडी फितूर झाली की जवळच्या प्रत्येक संशयित तुकडीची एक सोंगटी उलटा. हिदेआकीच्या पाठोपाठ वाकिझाका, ओगावा, कुत्सुकी आणि आकाझा हे सरदार उलटले ते असेच.

दोन्ही बाजूंना डावात दोनदा जासूद पाठवू द्या. जासूद एक पालथी सोंगटी गुपचूप पाहतो. हवं तर ती पिशवीत टाकून दुसरी न बघता ठेवतो.

राहिला इतिहास ठाऊक असण्याचा प्रश्न. हिदेआकीखालीच सोंगट्या ठेवल्या तर दोघेही खेळाडू पहिल्या फेरीपासून त्याच्याकडेच पाहत बसतात. म्हणून प्रत्यक्षात जे निष्ठावान राहिले त्यांच्याखालीही ठेवा. फुकुशिमा मासानोरी इएयासूच्या बाजूने सुरुवातीपासून लढला, पण तो मूळचा आधीच्या सत्ताधारी तोयोतोमी घराण्याचा माणूस. त्या सकाळी त्याच्याबद्दल इएयासूने तरी पूर्ण निश्चिंत का असावं? माझ्या पटावर मासानोरीखाली तीन पालथ्या सोंगट्या असतातच.