रॉकेटच्या इंजिनाचा उभा छेद: कामाला बसण्याआधी

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हौसेने उडवायच्या छोट्या रॉकेटच्या इंजिनाचं, आतले थर दाखवणारं मॉडेल टेबलावर हवं असेल, तर उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग उतरले की लगेच सामान जमवायला घ्या. हातात सहा आठवडे असतात आणि त्यातले दोन नुसते वाळण्यात जातात.

काय आणायचं याआधी काय आणायचं नाही ते पक्कं करा. खरं इंजिन आणायचं नाही. वापरलेलं, उडून आलेलं असलं तरीही नाही. छोट्या रॉकेटच्या इंजिनात दाबून भरलेली काळी दारू असते, म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. त्यावर करवत चालवणं म्हणजे ठिणगीला बोलावणं. फटाके सोलून ‘खरी वाटेल अशी’ भुकटी काढायची कल्पना दरवर्षी एखाद्या मुलाच्या डोक्यात येतेच, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून हे सांगा. १९५०च्या दशकात अमेरिकेत मुलं घरीच रसायनं मिसळून रॉकेटं करत आणि जखमी होत. ते थांबावं म्हणून ऑरव्हिल कार्लाइल आणि जी. हॅरी स्टाइन यांनी कारखान्यात भरलेलं तयार इंजिन लोकांपुढे आणलं. जी वस्तू मुलांनी दारूला हात लावू नये म्हणून लोकांपुढे आली, तीच आपण फोडायला निघालो तर कसं चालेल?

आता मापं. नेहमीचं इंजिन १८ मिमी जाड आणि ७० मिमी लांब असतं. पाचपट मोठं केलं की ९० मिमी आणि ३५० मिमी होतं. मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतं आणि दोन हातांत मावतं. आतली पोकळी पाचपटीत साधारण ६३ मिमी येते, आणि सुदैवाने ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप नळसामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. अर्धा मीटर पुरे. त्यावर आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळा, म्हणजे नळी नंतर सरकून सुटेल. मग जाड खाकी कागद फेविकॉल लावत घट्ट गुंडाळत जा. कागद पाव मिमीचा असेल तर पन्नासहून थोडे जास्त वेढे बसतात आणि सुमारे तेरा मीटर कागद लागतो, तेव्हा एकच ताव घेऊन येऊ नका. दहा-बारा वेढे झाले की एक दिवस थांबा. खऱ्या इंजिनाचं कवचही कागदाचंच असतं, आणि छेदात ते थर दिसले की मुलं बोट लावून मोजतात. म्हणून नुसता जाड पाइप घेऊन त्याला तपकिरी रंग देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

नळी पूर्ण वाळली की बारीक दातांच्या करवतीने लांबीत बरोबर मधोमध कापा. एक अर्ध मॉडेलसाठी. दुसरं फेकू नका, ते झाकण होईल. त्यावर इंजिनाचा सांकेतिक क्रमांक ‘सी ६-५’ मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मुलं आधी बाहेरून वाचतील आणि मग उघडतील.

नोजल, म्हणजे जळता वायू बाहेर फेकणारं खालचं अरुंद तोंड, खऱ्या इंजिनात चिकणमातीची असते. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळतो, पण एवढा मोठा गोळा वाळताना तडकतो. त्यामुळे नोजल लाकडाची करून तिच्यावर शाडूचा पातळ हात फिरवावा. बडोद्याजवळचं संखेडा खरादकामासाठी, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातण्यासाठी, प्रसिद्धच आहे. तिथल्या किंवा शहरातल्या एखाद्या खरादीकाकांकडे जाताना लाकडाचे दोन सपाट तुकडे मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून चिकटवून न्या. ते गोल फिरवून, मधून भोक पाडून, बाहेरच्या बाजूला भोंग्यासारखं पसरट करून देतील. मग कागदाच्या रेघेवर छिन्नीचा हलका ठोका दिला की नोजल नेमकी अर्ध्यात उकलते. चित्र काढून न्या. तोंडी सांगून अरुंद गळा कुठे हवा ते कळत नाही.

आतल्या थरांसाठी प्लास्टर लागेल. मागच्या खेपेला मी ते थेट कागदी नळीत ओतलं. पाण्याने कागद फुगला, वेढे सुटले आणि प्रदर्शनाला चार दिवस असताना सगळं पुन्हा करावं लागलं. आता मी तोच ६३चा पाइप उभा चिरते, आतून तेल लावते आणि त्यात अर्धगोल थर वेगवेगळे ओतते. सुकल्यावर ते कागदात बसवायचे आणि कडेची फट कागदाच्या लगद्याने भरायची. माझं वाटप असं: नोजल ७० मिमी, इंधन १७५, विलंबाचा थर ५०, पॅराशूट ढकलणारी दारू ३५, वरचं मातीचं झाकण १०, उरलेलं रिकामं. इंजिनाच्या प्रकारानुसार हे बदलतं. इंधन गडद काळं, विलंब राखाडी. इंधनाच्या थरात नोजलच्या बाजूला छोटा शंकूसारखा खड्डा ठेवायला विसरू नका. तिथे सुरुवातीला जळणारा पृष्ठभाग जास्त मिळतो आणि उडतानाचा पहिला जोर त्यातूनच येतो. पॅराशूटची दारू सुटी, दाणेदार असते. तिथे राई चिकटवाल तर पावसाळ्यात कीड लागेल, काळी रंगवलेली जाड वाळू घ्या.

विलंबाच्या थरासाठी मात्र वेगळा वेळ काढा, कारण बहुतेक मॉडेलं तिथेच गप्प बसतात. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (सरासरी जोर गुणिले तो टिकतो तेवढा वेळ) जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर. भागाकार केला की इंधन पावणेदोन सेकंदांच्या आत संपतं. शेवटचा ५ म्हणजे त्यानंतरचे पाच सेकंद. तेवढा वेळ राखाडी थर जोर न देता जळतो, फक्त धूर सोडतो, आणि रॉकेट आपल्या वेगावर वर चढत राहतं. १७५ मिमीचा थर पावणेदोन सेकंद आणि ५० मिमीचा पाच! बघणाऱ्याचा अंदाज नेमका उलटा असतो. म्हणून सामानात एक स्टॉपवॉच हवंच, आणि मॉडेल समजावून सांगणाऱ्या मुलीने नोजलपासून वर बोट सरकवत त्या वेळा पाळायची तालीम किमान चारदा करावी. पाच सेकंद गप्प राहणं तिला सुरुवातीला फार अवघड जाईल. शेवटी पतंगाच्या उरलेल्या कागदाची छत्री दोऱ्याने वर बांधून ठेवा. ती उघडली की गोष्ट पूर्ण होते.

उरलं किरकोळ: छेदाच्या तोंडाला चपड्याचं पॉलिश, लाकडी घोडी, आणि ‘यात दारू नाही’ अशी पाटी. पाटी मराठीबरोबर गुजरातीतही करा आणि मॉडेल नेताना खोक्याच्या बाहेरच चिकटवा, म्हणजे दारावरच्या रखवालदाराला खोकं उघडून दाखवत बसावं लागणार नाही.